एक पौंड शिसं

रायफलमधून गोळी सुटलीच नाही, तरी खल्फान शेठांचा खांदा मागे उडाला.

गोळी सुटणारच नव्हती. त्यांना न सांगता मीच रिकामं काडतूस भरलं होतं. आमच्या धंद्यातली ही जुनी चाचणी. धक्क्याची धास्ती बसली की माणसाचे डोळे चाप ओढायच्या आधीच मिटतात आणि खांदा आखडतो. त्याला फ्लिंच म्हणतात. खऱ्या गोळीच्या दणक्यात ते झाकून जातं. रिकाम्या काडतुसात मात्र सगळं उघडं पडतं.

उम्म अल कुवैनच्या मागच्या वाळूच्या टेकाडांत आम्ही चौघं उभे होतो. खल्फान शेठ, त्यांची बंदूक वाहणारे म्हातारे मुराद बाबा, माझे मालक हसनमियां आणि मी. शंभर पावलांवर रॉकेलचा डबा ठेवला होता. त्याआधी झाडलेल्या तीन खऱ्या गोळ्यांतली एकही डब्याला लागली नव्हती.

"हवा थी," शेठ म्हणाले.

हवा नव्हती. डब्यावर बसलेली माशीसुद्धा हलली नव्हती. पण उम्म अल कुवैनमध्ये निम्मी गलबतं ज्याची, तो हवा होती म्हणाला की हवा असते. मुराद बाबांनी तोंड फिरवलं आणि ते समुद्राकडे बघत राहिले. हसनमियां माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या नजरेत माझी नोकरी जाताना स्पष्ट दिसत होती.

ही साठ सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. यूएई हे नाव तेव्हा जन्मायचं होतं. दुबईत आपल्यासारखे रुपयेच चालायचे आणि बाजारात हिंदी चालायची. परदेशात आलोय हे आम्हां कोकणी माणसांना फक्त पाण्याच्या चवीवरून कळायचं. हसनमियां कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या रायगडातले. दुबईच्या देरा भागात खाडीजवळ त्यांचं बंदुकांचं दुकान होतं. मी इब्राहीम, रत्नागिरीकडचा. वडील गलबतं बांधायचे, त्यामुळे लाकूड हाताला ओळखीचं. बंदुकीचं काम मुंबईत एका दुरुस्तीच्या दुकानात सहा वर्षं शिकलो होतो. हसनमियां विकायचे, मी दुरुस्त करायचो, आणि विकताना त्यांनी जे कबूल केलेलं असायचं ते निस्तरायचो.

आज शिकारीचं नाव काढलं की माझ्या नाती तोंड वाकडं करतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. मला विचारायचे ते एवढंच, की कोणती बंदूक घेऊ.

खल्फान शेठ आमच्या दुकानात आले ते थंडीच्या सुरुवातीला. वय साठीच्या अलीकडे, अंगाने उंच आणि सडपातळ. दरवर्षी वारा फिरला की त्यांचं गलबत खजूर आणि सुके मासे घेऊन मोंबासाला जायचं. शेठ स्वतःही जायचे. नाव व्यापाराचं, पण आत कुठेतरी रानात जाऊन रेडा मारायचा ही हौस. आफ्रिकेतला रानरेडा म्हणजे साधं जनावर नव्हे. नेम चुकून नुसता जखमी झाला, तर तो पळून जात नाही. परत येतो.

त्यांच्या मागे मुराद बाबा होते. बलुची माणूस, सत्तरीचे, दाढी मेंदीने लाल. शेठांच्या जुन्या रायफलीचा पट्टा त्यांच्या खांद्यावर. ते दुकानात आले नाहीत. पायरीवर उभे राहिले आणि तिथूनच सगळं बघत होते.

मी काउंटरवर तीन रायफली ठेवल्या. पहिली विलायती दुनळी, अकरा पौंडांची. दुसरी एकनळी, बोल्टची, नऊ पौंडांची. तिसरी तशीच पण आखूड नळीची, आठ पौंडांची. दुसरी आणि तिसरीचं माप एकच, थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह. म्हणजे गोळी तीच, ताकद तीच, फरक फक्त वजनाचा.

गिऱ्हाईक बंदूक कशी निवडतं हे बघण्यासारखं असतं. नळी बघत नाही, चाप बघत नाही. उचलतं, वरखाली करतं, आणि मान डोलावतं. बाजारात कलिंगड घेतल्यासारखं. शेठनीही तेच केलं. तिसरी उचलली आणि म्हणाले, "इससे हलकी?"

मी समजावून सांगितलं. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते. बंदूक जड असली तर तो धक्का थोडा ती स्वतः खाते. हलकी असली तर सगळा खांद्याला देते. रेड्याच्या शिकारीला नऊ पौंडांची बरी. "आठ पौंड भी बहुत मारेगी, शेठ."

"मैंने पूछा, इससे हलकी?"

"है नहीं, शेठ."

"तो बना दो." आणि हसनमियांकडे वळून, "ये लड़का बनाता है कि सिर्फ बोलता है?"

"बनाएगा, इन्शाल्ला," हसनमियां म्हणाले. मला विचारलंही नाही.

मी बनवली. लोखंडी फिटिंग्ज काढून अॅल्युमिनियमच्या घातल्या. नळीखालचं लाकूड आतून खरवडलं. दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकतो त्या लाकडी भागाच्या पोटात मागून दोन लांब भोकं पाडली. वरून काही दिसत नव्हतं. तराजूवर ठेवली तर साडेसात पौंड. स्वतःच्या कामावर मी इतका खूश झालो की ती झाडणाऱ्या माणसाचा विचार करायचंच राहून गेलं.

शेठ एक दिवस दुकानात येऊन रायफल उचलून खूश झाले. मुराद बाबांनी ती खांद्याला अडकवली आणि दुकानासमोर दोन फेऱ्या मारल्या. शेठ रायफलीकडे बघतच नव्हते. ते बाबांच्या पायांकडे बघत होते. मी ते पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं. सगळी चूक तिथेच झाली, पण ते कळायला वेळ लागला.

मग आला तो चाचणीचा दिवस. तेव्हा रस्ता नव्हता. ओहोटी बघून समुद्राकाठच्या ओल्या वाळूवरून लँडरोव्हर हाकत जावं लागायचं. भरतीचं गणित चुकलं की गाडीचं गलबत व्हायचं. आम्ही वेळेत पोचलो, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. तीन गोळ्या वाळूत आणि चौथीला रिकाम्या काडतुसावर शेठांचा खांदा उडाला.

परत येताना हसनमियां म्हणाले, "रिकामं काडतूस घालायची अक्कल तुला कुणी दिली? चारचौघांत माणसाची शोभा केलीस."

"मियां, हा माणूस डोळे मिटून गोळी झाडतोय. समोर डबा होता म्हणून निभावलं. रेडा असता तर?"

"मग कर काहीतरी. दहा दिवसांनी गलबत सुटतंय. पण त्यांना हलकीच पाहिजे, हे ध्यानात ठेव."

मला उपाय दिसत होता. मी पाडलेली दोन भोकं होतीच. त्यात शिसं ओतायचं, एक पौंडभर. बंदूक साडेआठ पौंडांची होईल आणि धक्का सोसवेल. वजन मागच्या बाजूला गेलं की नळीचं टोक उचलायला उलट हलकं वाटतं. काउंटरवर उचलून बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही. गिऱ्हाइकाला जे पाहिजे ते द्यायचं नाही, पण दिलंय असं वाटू द्यायचं, हे आमच्या धंद्यातलं अर्धं कौशल्य. खोटं वाटतं ना? डॉक्टरही कडू गोळीवर साखर लावतात. मी स्वतःला असंच समजावलं.

पाच दिवसांनी पुन्हा ओहोटी, पुन्हा तीच टेकाडं, तोच डबा. शेठनी रायफल उचलली. "माशाल्ला! पहले से भी हलकी!"

हसनमियांनी खाली बघून दाढीत हसू लपवलं.

पहिली गोळी डब्याच्या कडेला. दुसरी मधोमध. तिसऱ्या गोळीला डबा उडून पडला. शेठांचे डोळे उघडे होते, मी नीट बघितलं. मला एवढं हायसं वाटलं की तिथेच वाळूत बसावं. शेठही खूश. त्यांनी रायफल बाबांच्या हातात दिली आणि म्हणाले, "खलास. यल्ला, चलो."

बाबांनी पट्टा खांद्यावर टाकला. दहा पावलं चालले. थांबले. रायफल खांद्यावरून उतरवली, दोन्ही हातांवर आडवी धरली आणि माझ्याकडे बघितलं.

"इसमें कुछ डाला है."



"एक पौंड," बाबा म्हणाले. "थोड़ा कम होगा. ज्यादा नहीं."

मी तराजूवर तोललं होतं. एक पौंडाला पाव औंस कमी होतं.

"निकालने की जरूरत नहीं," बाबा शांतपणे म्हणाले. "मैं उठा लूंगा." त्यांनी पट्टा पुन्हा खांद्यावर घेतला आणि गाडीकडे निघाले. जरा जास्तच ताठ चालत होते. वाळूच्या चढावर त्यांचा उजवा गुडघा मुडपला. त्यांनी वाकून चपलेत खडा गेल्यासारखं केलं आणि पुढे गेले.

शेठ माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. माझा दंड धरून मला टेकाडाच्या पलीकडे घेऊन गेले.

"तुझे क्या लगा, बंदूक कौन उठाता है?"

 तेवढं सोडून मी सगळा विचार केला होता.

"मैंने जिंदगी में बंदूक सौ कदम नहीं उठाई. रेडा दिखता है तब वो मेरे हाथ में देते हैं. बाकी सारा दिन उनके कंधे पर." मग त्यांनी हळूहळू सांगितलं. बाबा आधी त्यांच्या वडिलांची बंदूक वाहायचे. शेठना नेम धरायला त्यांनीच शिकवलं. मागच्या वर्षी उंच गवतातून चालताना बाबा दोनदा पडले. दोन्ही वेळा उठून म्हणाले, पाय घसरला. शेठांचे मुलगे म्हणतात, म्हाताऱ्याला आता घरी बसवा, एखादा तरणा माणूस घेऊ.

"बसवा ना मग," असं मी म्हणणार होतो. बरं झालं म्हटलं नाही. कारण त्या भागात बंदूक वाहणं हे नुसतं ओझं नसतं. शेठांच्या बैठकीत दाराशेजारची जागा बाबांची. पाहुण्यांना कॉफी दिली की लगेच बाबांचा फिंजान, म्हणजे कॉफीचा छोटा कप, भरायचा. लोक आधी शेठना सलाम करायचे आणि मग त्यांना. ते सगळं त्या पट्ट्यावर टांगलेलं होतं. पट्टा गेला की म्हातारा आतल्या खोलीत, नातवंडांच्या गर्दीत.

"इसलिए हलकी चाहिए थी," शेठ म्हणाले. "उनके लिए. उनको मालूम नहीं होना चाहिए. मेरा कंधा मेरा है. सूजेगा तो सूजेगा."

"शेठ, सूजने की बात नहीं. आंख बंद करके गोली मारेंगे तो रेडा आपको छोड़ेगा नहीं. बाबा को भी नहीं छोड़ेगा. वो तो आपके पीछे ही खड़े होंगे."

हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.  "फिर क्या करेगा?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांनी मला हुकूम केला नव्हता, विचारलं होतं.

खरं सांगतो, मला त्यांची लाज वाटली. म्हणजे माझीच, त्यांच्यासमोर. मी माणसाला हौशी म्हातारा समजलो होतो.

पाच दिवस उरले होते. डोक्यात वडिलांचा कारखाना आला. रिकामं गलबत समुद्रात लोळू नये म्हणून त्याच्या तळात दगड भरतात. त्याला आमच्याकडे नीरम म्हणतात. नीरम काही गलबताबरोबर बांधत नाहीत. लागेल तेव्हा भरतात, नको तेव्हा काढतात.

मी ओतलेलं शिसं काढलं. बोटभर लांबीच्या दोन कांड्या ओतल्या, अर्ध्या अर्ध्या पौंडाच्या, आणि वर पितळेचा पत्रा चढवला. दस्त्याच्या मागे बिजागरीचं झाकण बसवलं. झाकण उघडायचं, कांड्या आत सरकवायच्या, झाकण लावायचं. बाबा साडेसात पौंड वाहणार. कांड्या शेठांच्या कंदुऱ्याच्या, म्हणजे लांब अरबी झग्याच्या, खिशात. रेड्याच्या मागावर शेवटची पन्नास पावलं शिकारी बंदूक स्वतःच्या हातात घेतो, तेव्हा कांड्या आत.

हसनमियांनी झाकण चार वेळा उघडून बंद करून बघितलं. "आणि तेवढ्यात रेडा आला तर? त्याला सांगायचं, जरा थांब, शिसं भरतोय?"

"मियां, दहा सेकंद लागतात."

"रेड्याला सांग." पण त्यांनी पाचव्यांदा झाकण उघडलं, त्यावरून त्यांना ते आवडलंय हे मला कळलं.

रायफल न्यायला दोघं आले, तेव्हा मी त्यांना झाकण आणि कांड्या दाखवल्या. बाबांनी ती तोलली, मान हलवली आणि विचारलं, "लोहा किसके पास रहेगा?"

"मेरे पास," शेठ म्हणाले.

बाबांनी रायफल काउंटरवर परत ठेवली. "बंदूक का सामान बंदूकवाले के पास रहता है."

आता आली का पंचाईत! हसनमियांनी आयुष्यभर माल विकला होता, पण त्या दिवशी ते खरे उपयोगी पडले. ते गंभीरपणे म्हणाले, "बाबा, ये बंदूक का सामान नहीं है. ये शेठ के कंधे का सामान है. कंधा जिसका, सामान उसका."

बाबांनी विचार केला. "कंधे का है, तो ठीक है," असं म्हणून पट्टा खांद्यावर टाकून ते पायरी उतरले.

गलबत गेलं. वारा फिरेपर्यंत कुणी परत येत नाही आणि पत्र त्याच्याही नंतर येतं. ते तीन-चार महिने मला नीट झोप नव्हती असं म्हणणार नाही, पण दुकानात कुणी मोंबासाहून आलं की माझा हात थांबायचा. बिजागरीत वाळू गेली तर? झाकण अडकलं तर? एक साधी बिजागरी आणि दोन म्हाताऱ्यांचा जीव.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी पायरीवर सावली पडली. मुराद बाबा. एकटेच. खांद्यावर रायफल.

मी हातातलं काम खाली ठेवलं. "बाबा, शेठ?"

"घर पे है. मछली खा रहा है." त्यांनी रायफल काउंटरवर ठेवली. "सफाई कर दे."

"रेडा मिला?"

"मिला."

"कितनी गोली?"

बाबांनी एक बोट वर केलं. मग दुसऱ्या हाताने खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि पितळी पत्र्याच्या दोन कांड्या माझ्यापुढे ठेवल्या.

"ये शेठ की जेब से लाया. उसको मालूम नहीं. इसको हलका कर."

"क्यों?"

बाबांनी दुकानात कुणी नाही ना हे बघितलं. आवाज खाली आणला. "पूरे जंगल में हर सौ कदम पे बैठ जाता था. बोलता था, बाबा, जेब बहुत भारी है, थक गया. वो बैठता तो मुझे भी बैठना पड़ता." त्यांनी मान हलवली. "एक पौंड में थक जाता है. बूढ़ा हो गया बेचारा. मैंने उसको इतना सा देखा है. थोड़ा हलका कर दे. उसको बोलना मत."

मी कांड्या हातात घेतल्या आणि मागच्या खोलीत गेलो.  डोळे पुसले. मग कांड्यांना पॉलिश मारलं. गुंजभरसुद्धा शिसं कमी केलं नाही, कारण केलं असतं तर पुढच्या वर्षी शेठांचे डोळे पुन्हा मिटले असते. आणि बाबांना वाटेत बसवायला सबब म्हणून त्यांच्या खिशात एवढं वजन तरी हवंच होतं.

बाहेर येऊन चकचकीत कांड्या बाबांच्या तळहातावर ठेवल्या. "लो बाबा. हलकी हो गई."

बाबांनी हात वरखाली केला. तोच हात, दहा पावलांत एक पौंड सांगणारा. एकदा केला, दुसऱ्यांदा केला. माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हां," ते म्हणाले. "अब ठीक है."

कांड्या रुमालात बांधून त्यांनी पट्टा खांद्यावर टाकला आणि सावकाश पायरी उतरले.

पुढे तीस-एक वर्षं मी बंदुकांच्या कामात होतो. हलकी रायफल मागणारे खूप आले. माप, नळी, लाकूड, हे सगळं मी नंतर विचारायचो. आधी विचारायचो, उचलणार कोण?

गिऱ्हाईक म्हणायचं, "मीच, दुसरं कोण?" मी ते खरं धरून चालत नसे.